तू ‘सोड’ म्हणालीस तेव्हा

विजू,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि मी तुझ्याबद्दल खोटं बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही दोघींनी सोळा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लात, तुम्हीच चार शब्द बोला. मी उभी राहिले आणि म्हणाले, “आमच्यात कधी वाद झाला नाही.” मागे उभ्या असलेल्या शिपाईमावशी खोकल्या. स्टाफरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी आपली भांडणं वर्षभर ऐकली आहेत. सगळ्यांनी दोन मिनिटं मान खाली घातली आणि मुलांना लवकर घरी सोडलं.

तू असतीस तर माझ्या कानाशी लागून म्हणाली असतीस, “मेल्या म्हशीला मणभर दूध.” शोकसभा कुणाचीही असो, तुझं हे ठरलेलं असायचं आणि मी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावायचे. लोकांना वाटायचं, सुलभाबाई फार हळव्या. काल तुझंही मणभर दूध निघालं. तू शांत होतीस म्हणे. तू कधी कुणाला उलट बोलली नाहीस म्हणे. अर्धी शाळा तुला टरकून होती ते कुणालाच आठवेना. मी रुमाल तोंडाला लावला, पण हसू आलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती.

आज तुला जाऊन अकरा दिवस झाले. मला तुझ्यासाठी रडायचं आहे आणि तुझ्याशी भांडायचंही आहे, आणि दोन्ही एकदम होत नाही. रडायला लागले की आठवतं, अरे, तिचं शेवटचं म्हणणं खोडून काढायचं राहिलंय. खोडायला घेतलं की समोर कुणी नाही. मग दोन्ही बाजूंनी मीच बोलते. तुझ्या बाजूने बोलताना हरते, माझ्या बाजूने बोलतानाही हरते. अशी कधी हरले नव्हते गो मी.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून सांगू दे. तुझ्यासमोर मी ते कधी नीट सांगितलंच नाही. प्रत्येक वेळी मधूनच सुरुवात केली आणि मधूनच उठून गेले.

केतकीवहिनींच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं आणि त्याच दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू. सिल्वासात आमलीतला त्यांचा तो मोठा फ्लॅट, तिसरा मजला. त्यांचे यजमान धाग्याच्या कंपनीत मोठे साहेब, माझा नवरा त्याच कंपनीत मेन्टेनन्सला. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं ते मूल. वहिनींचा फोन आला, “सुलभाताई, तुमचं मराठी छान आहे, ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहून द्या ना.” मी लिहून दिल्या. शेवटची ओळ लिहिली, ‘येताना शेजारणींनाही अगत्याने घेऊन यावे.’

ही ओळ आपण सगळ्याच लिहितो. परक्या मुलखात आपली माणसं गोळा व्हावीत म्हणून लिहितो, आणि फार तर एखादी बाई नव्यानेच राहायला आलेल्या शेजारणीला घेऊन येते. कुणी ती ओळ खरी धरत नाही. तू धरलीस. तू सहाजणी आणल्यास.

आणि त्या तुझ्या शेजारणीच होत्या, हे मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. नरोलीला तुझ्या घरामागच्या चाळीत, एका खोलीत चार-चार माणसं, धुळे-नंदुरबारकडची. सहाहीजणी त्याच धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला. त्यांच्या खात्यातल्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. ती लावून द्या एवढं सांगायला सहाजणी मिळून ऑफिसात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने सहाही जणींचे गेटपास काढून घेतले. तीन आठवडे त्या गेटवर उभ्या राहत होत्या. साहेबांची गाडी आत जायची आणि बाहेर यायची, काच कधी खाली झाली नाही. हे सगळं तू मला डबा खाताना सांगितलं होतंस. मी “अरेरे” म्हणाले होते आणि तुझ्या डब्यातलं भरीत वाढून घेतलं होतं.

पण त्यांना हळदीकुंकवाला आणणार आहेस, हे तू मला सांगितलं नाहीस. यावर मी तुझ्याशी आयुष्यभर भांडणार होते.

दिवाणखान्यात चाळीसएक बायका, सगळ्या काळ्या साड्यांत. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. मधोमध पाट मांडलेला, परातीत बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या. तू आत आलीस, मागे त्या. धुतलेल्या साड्या, केसांना तेल. वहिनींनी ओळखलं नाही. त्यांनी हसून सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, तिळगूळ दिला. वाण म्हणून स्टीलचे डबे होते. पहिला डबा त्या सहाजणींतल्या रंजनापुढे आला. ती हात जोडून म्हणाली, “वाण नको ताई. सायबले बलावा फक्त. येवढंच सांगाले आलो.”

मग सहाहीजणी त्या पाटासमोर सतरंजीवर बसल्या आणि पदराआडून कागद काढून मांडीवर धरले. ‘आम्हाला कामावर घ्या.’ अक्षर तुझं. सोळा वर्षं फळ्यावर पाहिलेलं अक्षर मी कसं ओळखणार नाही?

कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही, हे खरं आहे. पण त्या उठेनातही. वहिनींचा चेहरा पांढराफटक. बाळ रडायला लागलं. साहेब आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. खालून दोन वॉचमन आले, दारातच थांबले. मोठा म्हणाला, “मॅडम, लेडीज को हम हाथ नहीं लगाएँगे. आप लोग ही समझाओ.” त्या वॉचमनला त्या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, हे मला आता समजतं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “सुलभाताई, तुम्हीच काहीतरी करा.”

विजू, मी कबूल करते. तू म्हणाली होतीस, मी तेव्हा झिडकारलं होतं, आज कबूल करते. चाळीस बायकांसमोर साहेबांच्या बायकोने माझं नाव घेतलं आणि मी फुगले. बावीस वर्षं पोरांच्या रांगा लावलेली बाई मी. मला वाटलं, हे तर माझंच काम. सहाजणींत सगळ्यात किडकिडीत कोण ते मी पाहिलं. हे मी मुद्दाम पाहिलं. दणकट बाईला हात लावायची माझी छाती नव्हती.

मी रंजनाचा उजवा दंड धरला. “उठा बाई, पुरे झालं आता.” ती म्हणाली, “मी नई उठनार ताई.” तिने अंग जड केलं. लहान मूल करतं तसं, सगळं वजन खाली सोडून. मी ओढलं. सतरंजी संपली, फरशी आली, फरशीवर ती सरकत गेली, हातातल्या बांगड्या फुटल्या. तिने तोंडातून आवाज काढला नाही. दुसऱ्या हातात कागद तसाच होता.

तेव्हा तू पलीकडून म्हणालीस, “सुलू, सोड.”

ओरडली नाहीस. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं म्हणालीस. मला ऐकू आलं. मी नंतर सगळ्यांना सांगितलं की गोंधळात काही ऐकू आलं नाही, तुलाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. मला स्वच्छ ऐकू आलं, आणि ऐकू आलं म्हणूनच मी आणखी जोराने ओढलं. चाळीस बायकांसमोर तू मला सोड म्हणालीस म्हणून. दाराच्या उंबरठ्यावर ती अडकली, मी हिसका दिला, आणि तिच्या खांद्यातून जो आवाज आला तो मी कुणाला सांगू शकत नाही.

बाकीच्या पाचजणी आपणहून उठल्या. तू रंजनाला धरून खाली नेलंस. जाताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. आणि तू गेल्यावर, विजू, बोरन्हाण झालं. छान झालं. बाळ हसलं. खाली पडलेली बोरं वेचायला पोरं तुटून पडली आणि मीही दोन बोरं उचलून एका पोराच्या खिशात घातली. त्याच हातांनी. वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून निभावलं.” मी म्हणाले, “त्यात काय एवढं.”

पुढे आठवडाभर आमलीतल्या बायका बोलत होत्या ते काय, तर हळदीकुंकवात सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या, फार वाईट झालं, काहीतरी शांत करून घ्यायला हवं. खांदा निखळला त्याचं एकीलाही काही नव्हतं. खांद्याचं तू मला सोमवारी सांगितलंस, डबा उघडायच्या आधी. “सरकारी दवाखान्यात बसवला खांदा. महिनाभर हात हलवायचा नाही.” मग डबा उघडलास आणि नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवलीस. मला ती गिळेना. शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं.

भांडण दोन दिवसांनी सुरू झालं. मीच सुरू केलं, कारण तुझी ती भाकरी मला सहन होईना. मी म्हणाले, “घर कुणाचं होतं? आपल्या घरात आपण कुणाला बसवायचं ते आपण ठरवायचं की नाही?”

“घर केतकीचं,” तू म्हणालीस. “तिला जा म्हणायचा हक्क आहे.”

“ती जा म्हणाली. त्या गेल्या नाहीत. मग काय करायचं?”

“थांबायचं.”

“किती वेळ?”

“त्या दमेपर्यंत.”

“आणि पोराचं बोरन्हाण?”

“आतल्या खोलीत करायचं.”

“आपल्या घरात आपणच आतल्या खोलीत जायचं?”

“हो. एक तास. एक तास आतल्या खोलीत बसून कुणाचा खांदा निखळत नाही.”

मी पोलिसांचं काढलं. म्हटलं, पोलीस बोलावले असते तर त्यांनीही ओढलंच असतं, बायका पोलीस आल्या असत्या एवढंच. तू म्हणालीस, बोलवायचे होते, त्यांच्या छातीवर नाव तरी लिहिलेलं असतं, चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळतं. मी म्हटलं, माझं नाव सगळ्या सिल्वासाला ठाऊक आहे, मला विचार. तेव्हा तू चिडलीस. चिडलीस की तुझी अहिराणी बाहेर यायची. “तुलेच तं इचारी ऱ्हायनू,” म्हणालीस. मी बॅग उचलली आणि तास नसताना वर्गावर गेले.

पण माझीही बाजू होती, विजू. ती आजही आहे, तू नाहीस म्हणून मी ती सोडणार नाही. तू कुंकवाचा आडोसा घेतलास. दारात आलेल्या बाईला कुंकू न लावता कुणी परत पाठवत नाही, हे तुला माहीत होतं आणि त्याचीच तू शिडी केलीस. एका बाईच्या पोराचा सण होता. गेटपास तिने काढून घेतले नव्हते. नवऱ्याचं भांडण बायकोच्या पाटापुढे कशाला आणायचं? हे मी तुला विचारलं तेव्हा तू पेनचं टोपण उघडझाप करत होतीस.

“दुसरं दारच नव्हतं,” म्हणालीस. “तीन आठवडे ह्यांनी सगळी दारं पाहिली. हे एक उघडं होतं. तूच लिहिलं होतंस, घेऊन या म्हणून.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?”

“नाही.”

“मग?”

आणि एकदा मी तुला पकडलं होतं. आठवतंय? पावसाळा संपला होता, दमणगंगेच्या पुलावर आपली रिक्षा बंद पडली आणि आपण चालत निघालो. मी म्हटलं, “तुझ्या घरी येऊन सहाजणी बसल्या असत्या तर?” तू म्हणालीस, चहा टाकला असता. “चहा पिऊनही उठल्या नसत्या तर?” स्वयंपाक केला असता. “जेवूनही नाही उठल्या, दुसरा दिवस उजाडला, तुझ्या मुक्ताची परीक्षा आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही, तर?” तू पुलाच्या कठड्याशी थांबलीस. पाण्याकडे बघत म्हणालीस, “माहीत नाही, सुलू. कदाचित मीही हात धरला असता. पण कुणी सोड म्हटलं असतं तर सोडला असता.”

मी तेव्हा जिंकले असं मला वाटलं होतं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं, विजूने मान्य केलं. फक्त तुझं अर्धं वाक्य सांगितलं. आता उरलेलं अर्धं वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

तक्रार झाली नाही. रंजनाचा नवरा त्याच ठेकेदाराकडे लोडिंगला, म्हणून तीच नको म्हणाली. तू मात्र कागद लिहून तयार ठेवला होतास. मी विचारलं होतं, “माझ्याविरुद्ध साक्ष दिली असतीस?” तू जराही न थांबता म्हणालीस, “दिली असती. आणि संध्याकाळी तुझ्यासाठी डबा घेऊन चौकीत आले असते.” आपण दोघी हसलो. खूप हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळ्या वर्षात तेवढंच एकदा. विजू, असं माझ्याशी आता कोण बोलेल? जगात एक माणूस होतं ज्याला मी चुकीची वाटत होते आणि तरी हवी होते. बाकीच्यांना मी बरोबर वाटते, आणि त्यांना माझं काही पडलेलं नाही.

उन्हाळ्यात ठेकेदाराने पाचजणींना परत घेतलं. रंजनाला नाही. तिचा हात खांद्याच्या वर जात नाही आणि धाग्याच्या कोनांची खोकी तर डोक्याइतक्या उंच रचावी लागतात. ती आता नरोलीच्या नाक्यावर कोथिंबीर-मिरच्या घेऊन बसते. मी रिक्षातून जाताना दुसऱ्या बाजूला बघते. त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही, एक पंक्चरवाला आहे. वर्षभर मी त्या पंक्चरवाल्याला इतकं पाहिलं आहे की तो मला ओळख दाखवायला लागला.

तू मला एकच गोष्ट मागितलीस. “एकदा तिच्या खोलीवर चल. मी असते बरोबर. काही बोलू नकोस, माफीबिफी तिला नको आहे. नुसती ये.” मी म्हटलं, गणपतीनंतर. मग म्हटलं, दिवाळीनंतर. मग सहामाहीचे पेपर तपासून होऊ देत. तू दर वेळी मान डोलवायचीस. त्या मंगळवारी प्रार्थना संपल्यावर, पोरं वर्गाकडे वळत होती, तू म्हणालीस, “रविवारी जायचं का?” आणि मी म्हटलं, “बघू.”

बघू. सोळा वर्षांच्या मैत्रीत माझा तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. बुधवारी तू रजेवर होतीस, गुरुवारी मी. शुक्रवारी सकाळी मुक्ताचा फोन आला तेव्हा मी कपड्यांना नीळ घालत होते. ती म्हणाली, “आईला छातीत दुखलं,” आणि पुढचं मला ऐकू येईना. ती रडत होती आणि मी तिला विचारत होते, “अगं पण रविवारी आम्ही जाणार होतो ना.” पोरीला काय वाटलं असेल. मी काय बडबडत होते मलाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी तुझ्या दारात फार गर्दी होती. मी शाळेच्या माणसांबरोबर रस्त्यावरच उभी राहिले. वर आले नाही. आत त्या सहाजणी होत्या, तुला आंघोळ त्यांनीच घातली असं नंतर कळलं. मला वाटलं होतं, मैत्रीण म्हणून तो मान माझा. मग मला माझे हात आठवले.

मी तुझ्यावर रागावले आहे, विजू. रविवारपर्यंत थांबली का नाहीस? मी आले असते. नाही, खरं सांगते, नसते आले. मी म्हटलं असतं, डोकं दुखतंय. पण तू पुढच्या रविवारचं विचारलं असतंस, आणि त्याच्या पुढच्या. तू विचारत राहशील या भरवशावर मी नाही म्हणत राहिले. आता कुणी विचारत नाही. मी सुटले, असं एखाद्याला वाटेल. नाही गो. माणसाला कुणी बोलावणारं असलं की न जाण्यालाही काही अर्थ असतो. आता मी कुठे जात नाही आहे, तेही कुणाला ठाऊक नाही.

म्हणून आज मी आपणहून निघाले. आज तुझ्या घरी जायचंच ठरवलं, तुझी पोर एकटी आहे, तिला भेटायचं, आणि रंजना भेटलीच तर तिच्यासमोर उभं राहायचं. रिक्षा नाक्यावरून गेली तेव्हा मी बरोबर बाजूला पाहिलं. तिची जागा रिकामी होती. मला हायसं वाटलं. एवढी मी नालायक.

तुझं दार उघडं होतं. चप्पल काढून आत गेले. बाहेरच्या खोलीत चटईवर पाचजणी बसल्या होत्या, मुक्ता भिंतीला टेकून. मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. पोरीने घेऊ दिला. तुझ्यासारखाच हात, रुंद, नखं बारीक कापलेली. मला भरून आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रंजना चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे डाव्या हातात, उजवा पोटाशी धरलेला. मला पाहून ती थांबली. पाचही जणींनी चटईकडे पाहायला सुरुवात केली.

मुक्ताने हात हळूच काढून घेतला. “सुलूमावशी,” ती म्हणाली, “तुम्ही थोड्या वेळाने याल का? आत्ता ह्या सगळ्या आहेत.”

विजू, त्या पोरीच्या आवाजात राग नव्हता. घर तिचं होतं, दुःख तिचं होतं, तिला जा म्हणायचा हक्क होता, हे तूच मला शिकवलंस. पण मी तिथे ज्या कामासाठी गेले होते, ते समोर ट्रे धरून उभं होतं. मला फक्त बसून राहायचं होतं. ‘मी नाही उठणार, मुक्ता,’ एवढं म्हणायचं होतं.

मी उठले. एका वाक्यात उठले. पदर सावरला, “हो हो, येते,” म्हणाले, वर हसलेसुद्धा. मागून रंजना म्हणाली, “बसू द्या ना त्यास्ले. चहा तं घेऊ द्या.” ती म्हणाली, विजू. ती. आणि तरीही मी थांबले नाही. तिच्याकडे वळून पाहिलं नाही. चपला हातात घेऊन जिना उतरले आणि रस्त्यावर येऊन घातल्या.

चाळीस अनोळखी बायकांमध्ये, नको असलेल्या घरात, ती किडकिडीत बाई जमिनीला धरून बसली होती. मला माझ्या मैत्रिणीच्या घरात दोन मिनिटं बसता आलं नाही. मला कुणी हात लावला नाही. कुणी दंड धरला नाही, कुणी ओढलं नाही. ओढायला हवं होतं मला. निदान तेवढा वेळ तरी मी तुझ्या घरात असते.